मोरीतली शेंबी आणि कातळावरची तिची बहीण

पावसाने दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकला की रात्री मोरीच्या जाळीतून एक पाहुणी वर येते. बोटाएवढी लांब, चपटी, जुन्या चामडी पट्ट्यासारखी काळपट तपकिरी, पाठीवर मधोमध एक फिकट रेघ. शंख नाही. दिवा लावला तरी ती पळत नाही, नुसती आक्रसते. मग घरातलं कुणीतरी ओरडतं आणि कुणीतरी मिठाचा डबा आणतं.

मिठाचं आधी सांगायला हवं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. हिचंही तेच होतं, फक्त ही जिवंत असते. हिच्या कातडीला कैरीच्या सालीइतकाही आडोसा नाही. अंगातलं पाणी मिठाकडे ओढलं जातं, बचावासाठी ती आणखी चिकट स्राव सोडते, आणि हा स्राव म्हणजे जवळपास सगळं पाणीच, त्यामुळे ती आणखी सुकते. हे मरण सावकाश येतं आणि ते बघवत नाही. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर उचलून बाहेर झाडाखाली सोडलं तरी काम भागतं.

शेतकऱ्यांच्या बोलण्यात शंख असलेली गोगलगाय ती शंखी आणि नसलेली ती शेंबी. मला शेंबी हा शब्द आवडतो. तिच्या अंगाचा बुळबुळीतपणा त्यात पुरेपूर उतरला आहे. या लेखात तोच वापरते आहे, जमिनीवरच्या शेंब्यांसाठी आणि समुद्रातल्या शेंब्यांसाठीही. प्रश्न एकच आहे: ही श्वास कुठून घेते? उत्तर शोधायला मोरीपासून निघून समुद्रकिनाऱ्यावरच्या कातळापर्यंत जावं लागतं. वाटेत हेही कळतं की ‘शेंबी’ नावाचं एक कूळ मुळात अस्तित्वातच नाही.

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून पक्क्या माणसासाठी वापरतो. पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती शब्दशः खरी आहे. या सगळ्या वर्गाचं शास्त्रीय नाव गॅस्ट्रोपोडा, मराठी पुस्तकांत उदरपाद, म्हणजे पोटात पाय असलेले. पोटाखालची सपाट स्नायूची पट्टी हाच पाय. काचेवर शेंबी चालत असताना काचेच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं तर या पट्टीवरून एकामागून एक लाटा सरकताना दिसतात. खाली पसरलेला स्राव दाब पडला की पातळ होतो आणि दाब सुटला की पुन्हा घट्ट. लाटेखाली तो घसरण देतो, दोन लाटांमध्ये पकड. एकाच पदार्थाने तेल आणि गोंद अशी दोन्ही कामं केल्यासारखं हे आहे. तोंडात जिभेसारखी एक पट्टी, तिच्यावर बारीक दातांच्या रांगा; किसणीने नारळ खवावा तसं ती पान किंवा शेवाळ खवते. दात झिजतात तसे मागून नवे येत राहतात.

आता श्वास. गोगलगाईच्या पाठीवर कातडीची एक घडी असते, तिला प्रावार म्हणतात. शंख तयार करतो तो हाच. या घडीखाली एक पोकळी असते. गोगलगाईंचे पूर्वज समुद्रात होते तेव्हा या पोकळीत कल्ले असत. पाणी आत यायचं, कल्ल्यांवरून वाहायचं, बाहेर जायचं. जमिनीवर आल्यावर कल्ल्यांचा उपयोग राहिला नाही. हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि वाळतात. मग घर तेच ठेवून आतलं सामान बदललं: कल्ले गेले, पोकळीच्या छतावर रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलं, आणि उघडं दार बुजत बुजत एकच लहान भोक उरलं. झालं फुफ्फुस. त्या भोकाला श्वासछिद्र म्हणतात.

कुंडीखाली किंवा ओल्या लाकडाखाली करड्या रंगाची, शिंगं बाहेर काढणारी एक वेगळी शेंबी सापडते. तिच्या उजव्या बाजूला, मानेच्या थोडं मागे, पाहत राहा. काही वेळाने एक गोल भोक उघडतं, क्षणभर तसंच राहतं आणि मिटतं. आपल्यासारखी छाती वरखाली होत नाही, बरगड्या नाहीत. पोकळीचा तळ खाली-वर होतो तेवढी हवा बदलते, बाकीचं काम हवा आपणहून आत पसरल्यामुळे होतं. हवा कोरडी असेल तर भोक कमी वेळ उघडं राहतं, कारण प्रत्येक श्वासाबरोबर ओलावा बाहेर जातो. रक्तात आपल्यासारखं लोह नाही, तांबं आहे. प्राणवायू भरला की ते निळसर होतं.

हे वाचून कुणी उत्साहाने मोरीतल्या शेंबीच्या उजव्या बाजूला भोक शोधायला बसेल. तिथे ते मिळणार नाही. कुठेच मिळणार नाही. मोरीतल्या या शेंबीचं नाव लेव्हीकॉलिस अल्टे. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८२२ साली फ्रेंच अभ्यासक फेरूसाक यांनी केलं. मूळची ती आफ्रिकेची मानली जाते. तिच्या वंशात प्रावाराची ती पोकळीच नाहीशी झाली आहे. फुफ्फुसवाल्या प्राण्यांच्या कुळात जन्मून ही फुफ्फुसाशिवाय जगते, ओल्या कातडीतून हवा शोषून घेते. म्हणूनच तिला सतत ओल लागते, म्हणूनच ती रात्री निघते, आणि म्हणूनच उन्हाळ्यात मातीत खोल दडून बसते. तिचा पायही अंगाच्या मानाने अगदी अरुंद असतो, पट्ट्यासारख्या पाठीच्या खाली जेमतेम एक फीत. पाणी जितक्या कमी जागेतून उडेल तितकं बरं. आणि तिची विष्ठेची वाट शेपटाच्या टोकाला आहे. हे किरकोळ वाटेल, पण पुढे तेच कामाला येणार आहे.

आता किनाऱ्यावर जाऊ.

कोकणात पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी लागते. रत्नागिरीच्या बाजूला एका पहाटे मी खडपात उतरले होते. पाणी दूर गेलेलं, कातळ कालवांनी खरखरीत झालेला, मधल्या खोलगट जागांत पाणी साचलेलं. ओल्या दगडावर एक दगडच हलला. निदान मला तसं वाटलं. सुपारीहून मोठा, हिरवट तपकिरी, अंगभर गाठी, शेवाळाचा थर चढलेल्या दगडाची हुबेहूब नक्कल. पुढच्या कडेखालून दोन आखूड शिंगं निघाली आणि पुन्हा आत गेली. तो दगड पुढे सरकत कातळावरचा शेवाळी पापुद्रा खात होता, आणि मागे मातकट विष्ठेची लहानशी वळी टाकत होता.

ही पेरोनिया व्हेरुक्युलाटा. मुंबईपासून खाली कोकणभर खडकाळ किनाऱ्यांवर ती आहे, आणि हजारो माणसं तिच्यावर पाय ठेवून पुढे गेली आहेत, कारण ती दिसतच नाही. बोटाने हलकेच कड उचलली तर मागच्या टोकाला, खालच्या अंगाला, एक लहान भोक असतं. समुद्रातल्या शेंबीला फुफ्फुस आणि श्वासछिद्र! भरतीच्या वेळी ते मिटलेलं, ओहोटीला हवेत आली की उघडं. शिवाय तिच्या पाठीच्या मागच्या भागावर झाडाच्या फांद्यांसारखे नाजूक फुटवे असतात, ते कल्ल्यांचं काम करतात. पण हे पूर्वजांचे जुने कल्ले नव्हेत. ते केव्हाच गेले. हे नंतर, पाठीच्या कातडीतून, नव्याने उगवलेले. शहरात गेलेला मुलगा गावी परततो तेव्हा जुनं घर पडलेलं असतं आणि तो नवं बांधतो, तसंच काहीसं हे झालं आहे. जमिनीच्या दिशेने निघालेल्या कुळातली ही शाखा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहिली, आणि तिथे दोन्ही सोयी लागतात.

डोळ्यांवर मात्र थांबायलाच हवं, कारण या प्राण्यातलं सर्वांत थक्क करणारं ते आहे. शिंगांच्या टोकाला दोन डोळे आहेत, ते इतर गोगलगाईंसारखेच. पण पाठीवरच्या काही गाठींच्या शेंड्यांवरही काळे ठिपके दिसतात, एकेका गाठीवर दोन-तीन. तेही डोळेच आहेत. भिंग आहे, पडदा आहे, आणि पडद्याची रचना उलटी आहे: प्रकाश टिपणाऱ्या पेशी प्रकाशाकडे पाठ करून बसलेल्या, आणि त्यांचे तंतू पडद्याला भोक पाडून बाहेर पडतात. अशी रचना आपल्या, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या डोळ्यांत असते. ऑक्टोपससारख्या हुशार मृदुकाय प्राण्यातही ती नाही. या कातळावरच्या शेंबीत एकाच अंगावर दोन्ही तऱ्हेचे डोळे आहेत, शिंगांवर सुलटे आणि पाठीवर उलटे. आपल्या डोळ्यांशी त्यांचं काही नातं नाही, वेगळ्या वाटेने ते तिथे पोचले आहेत.

फिलिपिन्समध्ये बरीच वर्षं काढलेल्या कार्ल सेम्पर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७७ साली या डोळ्यांचं सविस्तर वर्णन केलं आणि त्यांचा उपयोग काय असावा याचा एक तर्क मांडला. खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरणारा निवटी मासा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सेम्परच्या पाहण्यात आलं की जिथे या शेंब्या तिथे निवट्याही. निवटीने झेप घेतली की तिची सावली पाठीवर पडते, पाठीवरचे डोळे ती टिपतात, आणि कातडीतल्या ग्रंथी स्राव फेकून मारतात, असं त्याचं म्हणणं. सावली पडली की या शेंब्या अंग चोरतात हे हात फिरवून कुणालाही पाहता येतं. निवटीचा भाग मात्र तर्कच राहिला. मला तो सुंदर वाटतो, पण निवट्या नसलेल्या थंड किनाऱ्यांवरही याच कुळातल्या शेंब्या राहतात. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या अशाच एका लहान शेंबीच्या स्रावातून ऑन्किडाल नावाचं रसायन वेगळं काढलं गेलं आहे, त्याची चव शिकाऱ्यांना नको असते.

या घराण्याची शास्त्राला पहिली ओळख झाली तीही भारतातच. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस ब्युकॅनन याला बंगालमध्ये पाणकणसाच्या पानांवर अशी एक शेंबी सापडली आणि १८०० साली त्याने तिचं वर्णन छापलं. पाणकणसाचं शास्त्रीय नाव टायफा, म्हणून ही ऑन्किडियम टायफी. चारच वर्षांनी, १८०४ मध्ये, पॅरिसमध्ये क्युव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने पेराँ या प्रवाशाने मॉरिशसहून आणलेल्या नमुन्यांची चिरफाड केली. पेरोनिया हे नाव त्याच पेराँवरून आलं. समुद्रात राहणाऱ्या प्राण्याला फुफ्फुस पाहून पुढच्या शंभर वर्षांत बराच वाद झाला. ते खरं फुफ्फुस आहे की मूत्रपिंडाचा फुगलेला भाग? हा प्राणी बागेतल्या गोगलगाईंचा की समुद्री शेंब्यांचा?

आपल्याकडचं एक नाव इथे यायलाच हवं. १९४८ साली मुंबई विद्यापीठाने अवटी आणि करंदीकर या दोन प्राणिशास्त्रज्ञांचा याच कोकणी शेंबीवरचा प्रबंध प्रसिद्ध केला: तिची अंतर्रचना, गर्भाची वाढ आणि राहणी. जगभरात या घराण्यावर काम करणारे आजही त्याचा आधार घेतात. गर्भाची वाढ का महत्त्वाची, तर मोठेपणी शंखाचा मागमूस नसलेल्या या प्राण्यांच्या अळीला बहुतेक जातींत चक्क शंख असतो, इवलासा आणि गुंडाळलेला. अळीला दोन पंखांसारख्या झालरी असतात, त्यावरच्या केसांच्या हालचालीने ती पोहते. मग एक दिवस ती शंख टाकते, झालरी जिरवते आणि कातळावर उतरते. पूर्वज शंखवाले होते याचा पुरावा असा दर पिढीत, काही दिवसांपुरता, पुन्हा समोर येतो.

आता वर्गीकरणाकडे, आणि इथे थोडा धीर धरा, कारण या खात्यात गेल्या काही दशकांत मोठी उलथापालथ झाली आहे.

शाळा-कॉलेजात माझ्या पिढीने शिकलेली मांडणी सरळ होती. गॅस्ट्रोपोडांचे तीन कप्पे. हृदयाच्या पुढे कल्ले ते प्रोसोब्रँकिया, हृदयाच्या मागे कल्ले ते ओपिस्थोब्रँकिया, आणि फुफ्फुस असलेले पल्मोनाटा. समुद्री शेंब्या दुसऱ्या कप्प्यात, जमिनीवरच्या तिसऱ्यात. पल्मोनाटा हा गट क्युव्हिएच्या काळातला, म्हणजे १८१४ चा. कल्ल्यांवरून पाडलेले बाकीचे दोन कप्पे १८४८ साली मिल्न-एडवर्ड्सने आखले. दीडशे वर्षं ही मांडणी टिकली, कारण ती पाठ करायला सोपी होती.

अडचण अशी, की कल्ले किंवा फुफ्फुस हा पत्ता आहे, वंश नाही. पाण्यात राहिलं की कल्ले उपयोगी, हवेत राहिलं की फुफ्फुस. कुठल्याही कुळातला प्राणी तिथे गेला की त्याच्यावर तोच दबाव येतो. कोकणातून मुंबईत आलेला आणि मराठवाड्यातून आलेला, दोघेही लोकलला लटकायला शिकतात, म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

चेतातंतूंनी एक जुना दुवा दिला होता. गोगलगाईच्या अळीच्या अंगाला वाढीच्या काळात अर्धा फेर पीळ पडतो, मागचं सगळं पुढे येतं, विष्ठेची वाट डोक्यावर येते. त्यामुळे पोटातल्या दोन चेतातंतूंच्या दोऱ्या एकमेकींवरून जाऊन इंग्रजी आठाचा आकडा होतो. समुद्रातल्या अनेक शंखांत तो आकडा मोठेपणीही तसाच दिसतो. पण फुफ्फुसवाल्या गोगलगाई आणि समुद्री शेंब्या या दोघींत दोऱ्या पुन्हा मोकळ्या झालेल्या असतात. म्हणून या दोघींना मिळून युथिन्युरा, म्हणजे सरळ तंतूंवाल्या, म्हणतात. दोघी एका मोठ्या घरातल्या आहेत हे कळलं होतं. घराच्या आतल्या खोल्या मात्र चुकीच्या पाडल्या गेल्या होत्या.

डीएनए वाचता येऊ लागला तेव्हा भिंती हलल्या. २०१० साली योर्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या वंशवृक्षात ओपिस्थोब्रँकिया हा कप्पा सरळ फुटला. त्यातले रंगीबेरंगी, पाठीवर पिसाऱ्यासारखे कल्ले मिरवणारे न्यूडिब्रँक एका बाजूला गेले. मेंदूच्या अभ्यासात प्रसिद्धीला आलेला समुद्री ससा, ॲप्लिसिया, दुसऱ्या फांदीवर. आणि शेवाळाचा रस शोषणाऱ्या हिरव्या समुद्री शेंब्या, सॅकोग्लोसा, जाऊन बसल्या थेट फुफ्फुसवाल्यांच्या घरात. त्यांना फुफ्फुस नाही, त्या आयुष्यभर पाण्यात असतात, तरीही. या विस्तारलेल्या घराला पॅनपल्मोनाटा असं नाव मिळालं.

याचा अर्थ नीट पाहा. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर एलिसिया क्लोरोटिका नावाची पानासारखी हिरवी समुद्री शेंबी आहे. ती शेवाळ खाते आणि त्यातले हरितकण न पचवता महिनोन् महिने आपल्या अंगात जपून ठेवते. ती तुमच्या कुंडीतल्या गोगलगाईची जवळची नातेवाईक आहे. आणि दिसायला तिच्यासारखीच, समुद्रात शेजारी राहणारी न्यूडिब्रँक ही लांबची. चेहरेपट्टीवरून नातं जुळवलं असतं तर नेमकं उलटं निघालं असतं.

याच घरात आणखीही चमत्कारिक मंडळी आहेत. खडपात छत्रीसारख्या शंखाची, दगडाला घट्ट चिकटलेली सायफोनेरिया असते. तिच्या अंगातल्या पोकळीत हवाही चालते आणि पाणीही. भातखाचरात आणि तळ्यात राहणाऱ्या, अधूनमधून पृष्ठभागावर हवा घ्यायला येणाऱ्या गोड्या पाण्याच्या गोगलगाई आहेत. आणि थायलंडच्या तिवरांतल्या चिखलात २००९ साली वर्णन केलेली एटेंग नावाची इवलीशी काळी शेंबी, जी समुद्री शेंब्यांच्या एका शाखेतून आली, चिखलावर फिरते आणि कीटकांचे कोष खाते. दक्षिण थायलंडच्या छायानाट्यातल्या एका काळ्या बाहुलीवरून तिचं नाव ठेवलं आहे. पाण्यातून वर येण्याचा प्रयोग एकदाच झाला आणि मग सगळ्या गोगलगाई झाल्या, असं नाही. वेगवेगळ्या शाखांनी तो वेगवेगळ्या वेळी केला आहे.

या घराचा जो भाग खऱ्या अर्थाने हवेत श्वास घेतो त्यात एका बाजूला स्टायलोमॅटोफोरा: कुंडीतल्या, शेतातल्या, शिंगाच्या टोकावर डोळे असलेल्या. यांना ओळखायची खूण सोपी आहे. शिंगाला स्पर्श केला की हातमोज्याचं बोट आतून ओढावं तसं ते उलटं होऊन आत जातं, डोळा सगळ्यात आधी. तुटलंच तर काही आठवड्यांनी डोळ्यासकट परत येतं. मराठवाड्यात २०२२ साली सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणारी आफ्रिकी शंखी याच गटातली. दुसऱ्या बाजूला सिस्टेलोमॅटोफोरा. यांची शिंगं आखडतात, पण उलटी होत नाहीत. विष्ठेची वाट शेपटाच्या टोकाला. मोठेपणी शंख नाही.

ही वाक्यं ओळखीची वाटली असतील. मोरीतली शेंबी या दुसऱ्या गटात आहे, आणि कातळावरची पेरोनियाही. एक फुफ्फुस गमावून मातीत राहिलेली, दुसरी फुफ्फुस सांभाळून समुद्राच्या काठाशी. एकीला खारं पाणी म्हणजे मरण, दुसरी दिवसातून दोनदा त्याच्याखाली जाते. तरीही त्या एकमेकींच्या जवळच्या, आणि कुंडीतल्या करड्या शेंबीपासून दोघीही दूर. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री मोरीत टॉर्च घेऊन बसले होते, आणि त्या चपट्या प्राण्याची शिंगं हलक्या गवताच्या काडीने स्पर्शून खात्री करून घेतली. आखडली. उलटली नाहीत.

मग शेंबी म्हणजे नेमकं काय? तर एक आकार. शंख टाकून दिलेला उदरपाद. हा आकार जमिनीवर आणि समुद्रात अनेकदा, स्वतंत्रपणे घडला आहे. शंख बांधायला चुना लागतो आणि जांभ्याच्या किंवा सततच्या पावसाने धुतलेल्या मातीत तो कमी असतो. शंख नसला की सालीखाली, दगडाच्या फटीत, मातीच्या भेगेत शिरता येतं. बदल्यात कोरड्या हवेत आणि शिकाऱ्यापुढे आडोसा उरत नाही. हा व्यवहार ओल्या प्रदेशात परवडतो, म्हणून पश्चिम घाटात तो ठिकठिकाणी, वेगवेगळ्या टप्प्यांवर दिसतो. केरळातल्या रबराच्या मळ्यांत चीक पिणारी मारिएला दुसुमिएरी ही शेंबी सह्याद्रीचीच रहिवासी. आणि सिंधुदुर्गातल्या आंबोलीहून २०२१ साली वर्णन झालेली वराडिया आंबोलिएन्सिस ही तर अर्ध्या वाटेवर थांबलेली: शंख आहे, पण इतका लहान की तिला त्यात शिरता येत नाही. सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून तिच्या प्रजातीगटाचं नाव ठेवलं गेलं. आंबोलीला धबधबा बघायला दरवर्षी हजारो लोक जातात, आणि विज्ञानाला ठाऊक नसलेला एक अख्खा गट तिथे २०२१ पर्यंत पानांवरून फिरत होता.

पेरोनियाच्या घराण्यातही अशीच मोजणी चालू आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले बेन्वा डेराट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्नेय आशियापासून भारतापर्यंतच्या तिवरांत आणि खडकांत हिंडून नमुने गोळा केले. ऑन्किडियम हे नाव पूर्वी कुठल्याही खडबडीत समुद्री शेंबीला लावलं जाई. अंतर्रचना आणि डीएनए तपासल्यावर त्या नावाखाली मोजक्याच जाती उरल्या, बाकीच्यांना नवी नावं, नवे गट द्यावे लागले. बाहेरून दोन शेंब्या ओळखू येणार नाहीत इतक्या सारख्या, आणि आत आतड्याची वळणं आणि जननेंद्रियांची रचना वेगळी. जननेंद्रियांवर हे लोक इतका भर का देतात, तर या सगळ्या शेंब्या उभयलिंगी असतात आणि प्रत्येकीत नर-मादी दोन्ही संच असतात. पेरोनियात नराचं द्वार पुढे उजव्या शिंगाजवळ आणि मादीचं पार मागे शेपटाशी, म्हणजे अंगाच्या दोन टोकांना.

एक व्यवहाराची गोष्ट. उंदरांच्या फुफ्फुसात राहणारा अँजिओस्ट्राँजिलस कँटोनेन्सिस नावाचा एक जंत आपलं बालपण गोगलगाई आणि शेंब्यांच्या अंगात काढतो. मोरीतली शेंबीही त्याला चालते, आणि मुंबईच्या परिसरात तो सापडलेला आहे. माणसाच्या पोटात गेला तर तो मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. तेव्हा शेंबी हातात घेतली तर हात साबणाने धुवा, पावसाळ्यात पालेभाजीचं पान न् पान वेगळं करून धुवा, कच्ची खायची असेल तर दुप्पट काळजी घ्या. मुलांना शेंबी दाखवायची तर काचेवर ठेवून दाखवा. पायाच्या लाटाही तिथेच चांगल्या दिसतात.

त्या पहाटे रत्नागिरीला मी आणखी एक गोष्ट पाहायला थांबले होते. बर्म्युडा बेटावरच्या अशाच शेंब्यांचं निरीक्षण एरी आणि क्रोझियर यांनी १९२१ साली छापलं होतं: ओहोटीला त्या कातळातल्या भेगांतून बाहेर पडतात, चरतात, आणि भरती येण्याआधी जिथून निघाल्या त्याच भेगेत परततात. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की परतताना त्या जाताना सोडलेल्या स्रावाच्या वाटेचा माग घेतात. मी एका पेरोनियाशेजारी दगडावर बसले. तासभर ती हातभर परिघात फिरली, मध्येच थांबली, वळली. पाणी अजून दूर होतं, मला तरी त्याचा आवाज बदललेला जाणवला नव्हता, तेव्हा तिने तोंड फिरवलं. आलेल्या वाटेवरून, त्याच वळणाने, कालवांच्या दोन झुपक्यांमधून ती एका फटीपाशी पोचली. आत आधीच दोघी होत्या. तिने अंग चपटं केलं, पुढची कड आत घातली आणि हळूहळू पूर्ण आत गेली. फटीत फक्त गाठीदार, ओली पाठ दिसत राहिली. वाकून पाहिलं तर दगडच.